शिरगोळ्यातला शिवशंकर

“आजबी खाणीत उतरलाव? आवो, वर्षसराध तोंडावर आलं, अन् लेकरू आजून दगडातच हाय!” भामाबाई खाणीच्या तोंडाशी उभी राहून कडाडली.

“ओली गोणपाटं टाक आत,” खालून तिच्या नवऱ्याचा, सटवाजीचा आवाज आला. “बाकी गप ऱ्हा.”

तिचं काही चुकत नव्हतं. पांढरवाडीच्या माळाखाली शिरगोळ्याची शीर आहे. म्हणायचा दगड, पण जमिनीतून निघाल्यावर ओला आहे तोवर साध्या विळ्यानं साबणासारखा कापावा. वारं लागलं की टणक होतो, म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी कोरायचा. देवणीपासून कंधारपर्यंत कुणाच्या घरचं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याची शिरगोळ्याची मूर्त बांधावर बसवायची, नाहीतर गेलेल्याला घर सापडत नाही, असं लोक मानतात. चाकूरकडचे पूर्वी गाडी जुंपून यायचे, आता टेम्पो घेऊन येतात. मूर्त मात्र सटवाजीच्याच हातची लागते.

आणि त्याच सटवाजीला पोटच्या पोराची मूर्त साधेना. एकुलता एक शिवशंकर विहिरीवरची मोटार चालू करायला गेला आणि करंट लागून तिथंच आडवा झाला. तेव्हापासून बाप मोबाईलमधला त्याचा फोटो समोर धरून कोरत होता. नाक जमायचं, ओठ जमायचे, पण पोरगा काही त्यात यायचा नाही. मग हातोडा घालायचा आणि पुन्हा खाणीत उतरायचं.

“मामा, शीर सरली,” शिवलिंग म्हणाला. तो कंधारकडून शेजारच्या घरी घरजावई म्हणून आलेला, सटवाजीबरोबर खाणीत खपायचा. “म्होरं काळा दगड लागलाय. येवढा येकच तुकडा हाय बगा. आता हितून म्होरं कुनालाच मूर्त न्हाई.”

सटवाजी तुकड्यावर हात फिरवत राहिला. “शिवलिंगा, तुझ्या बापाची मूर्त म्याच केलती. त्येच्यासारखी हाय का रं?”

“हुबेहूब! गावाकडं गेलो की लई येळ बोलत बसतो त्येंच्याशी. कामून?”

सटवाजीनं तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळला. शिवलिंगच्या बापाला त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्या बापानं शिकवलेला एकच चेहरा तो आयुष्यभर गावोगाव देत आला होता. पुरुष असला की मिशा आणि पटका, बाई असली की कुंकू आणि पदर. लोक त्या मूर्तीला मिठी मारून रडायचे, आणि सटवाजीला मनातून त्यांच्या भोळेपणाचं हसू यायचं.

घरी आल्यावर तो अंगणात तुकडा घेऊन बसला. भामाबाईनं त्याच्या पुढ्यातला मोबाईल उचलून नेला.

“फोटू बगून बगून नास केलाव तुमी. ह्यो वाळला तर म्होरं काय? चालतोय तसा चालू द्या हात.”

हात चालला. इतकी वर्षं चालला तसाच चालला. भानावर आला तेव्हा सटवाजीला दिसलं, मूर्तीला मिशा आल्या होत्या, डोक्यावर पटका आला होता. पोरानं कधी मिशा राखल्या नव्हत्या, पटका तर बांधलाच नव्हता. खोडून काढायला विळा टेकवला, तर तो घसरला. दगड वाळला होता. सटवाजीनं हातोडा उचलला.

तेवढ्यात भामाबाई धावत आली आणि मूर्त उचलून तिनं पोटाशी धरली.

“आला गं बाई माझा शिवा! आवो, कसा हसून राहिला बगा!”

“भामे, आगं त्येला मिशा…” वर्षभर सटवाजीनं तिच्या तोंडावर असा आनंद पाहिला नव्हता. त्यानं पुन्हा पुन्हा मूर्तीकडं पाहिलं. त्याला शिवलिंगचा बाप दिसला, चाकूरचे, देवणीचे कुणाकुणाचे गेलेले दिसले. फक्त त्याचा स्वतःचा शिवा तेवढा दिसेना. लोकांच्या भोळेपणाला हसलो, आता तोच भोळेपणा आपल्याला मिळेल तर किती बरं होईल, असं त्याला वाटलं आणि जीव तुटला.

“बोला की त्येच्याशी,” भामाबाईनं मूर्त त्याच्या पुढ्यात धरली. “कवाचा वाट बगून राहिलाय.”

सटवाजीनं हातोडा खाली ठेवला. दगडाच्या त्या परक्या माणसाला म्हणाला, “जेवलास का, बापू?” आणि त्याला हुंदका फुटला.

अखेर बापानं लेकाला ओळखलं म्हणून भामाबाईला बरं वाटलं.