उतारावर घेतलेली साक्ष

मित्रांनो, माझ्याजवळ येताना आधी हातात एखादं फडकं घ्या. नाहीतर कपडे तुमचे खराब व्हायचे आणि बोलणी मला बसायची! मी मोटारीच्या इंजिनातला गेज. इंजिनात ऑइल किती आहे आणि कसं आहे, ते सांगणारी लांब पोलादी पट्टी. डोक्याला पिवळी कडी आणि पायाशी दोन खुणा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत असलं तर खुशाल जा, खालच्या खुणेच्याही खाली गेलं तर गाडी हलवू नका. एवढंच मला बोलता येतं, आणि तेही कुणी बाहेर ओढलं तर! बाकी सगळा वेळ अंधाऱ्या नळीत उभं राहायचं आणि आतल्या आत चडफडायचं. निवांतपणा म्हणून माझ्या नशिबातच नाही.

कारखान्यात माझ्यासारखे पुष्कळ जण एका साच्यातून निघाले. कोण कुठे गेला, देव जाणे. मी मात्र एका छोट्या पांढऱ्या गाडीत बसून काशीला आलो, नरहररावांच्या घरी. नरहरराव रेल्वेत होते. घराणं मूळचं कोकणातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून त्यांची मराठी अर्धी गंगेत भिजलेली. ते रेल्वे कॉलनीत राहत होते तेव्हाचे दिवस काय सांगू! अंगण सपाट, सकाळ थंड, इंजिन रात्रभर विसावलेलं. ते मला हलकेच बाहेर काढत, जुन्या धोतराच्या तुकड्याने पुसत, परत आत घालत आणि पुन्हा काढून बघत. त्यांची मुलगी कस्तुरी तेव्हा परकर-पोलक्यात होती. ती शेजारी उकिडवी बसायची.

"दोनदा का, बाबा?"

"पहिल्यांदा काढला की ऑइल कुठेही लागलेलं असतं, बेटा. पुसून परत घातला की मग खरं सांगतो."

मग ते थेंब बोटांत चोळायला लावत. नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही. चोळताना बोटांना कचकच लागली तर मात्र ऑइल बदलायची वेळ झाली. दुधासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय, गाडी सुरूच करायची नाही. पेट्रोलचा वास आला तर मिस्त्री गाठायचा. कस्तुरी सगळं घडाघडा म्हणून दाखवायची आणि नाकाला ऑइल लावून घरी जायची. नरहरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझी गाडी आजवर रस्त्यात थांबली नाही. सगळी ह्या गेजची मेहरबानी!" मी फुगून जायचो. का नाही फुगणार?

पुढे ते निवृत्त झाले आणि बालाजी घाटाजवळच्या आपल्या घरी राहायला आले. तिथल्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, मोटार कुठली शिरायला! म्हणून गाडी बरीच अलीकडे, एका बंद वखारीच्या आवारात राहू लागली. आणि इथेच घात झाला. ते आवार नदीच्या बाजूला उतरतं होतं. गाडीचं नाक सदा खाली, आणि मी बसतो इंजिनाच्या पुढच्या अंगाला. झालं! आतलं सगळं ऑइल पुढे माझ्या पायाशी गोळा व्हायचं. इंजिन म्हातारं झालं होतं, थोडं थोडं ऑइल पिऊन टाकत होतं, आणि नरहरराव मला बाहेर काढत तेव्हा मी वरच्या खुणेपर्यंत चकचकीत!

"फुल्ल!" ते म्हणत आणि मला खुशीत आत सरकवत. पुसणं तेच, दोनदा बघणं तेच, नेम एकही चुकला नाही. फक्त पायाखालची जमीन तिरकी होती, आणि ती कुणी बघितलीच नाही. मित्रांनो, खोटं बोलण्याची मला चीड आहे. आणि रोज सकाळी माझ्याच अंगावर खोटं उमटत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसली गत. ओरडावं तर आवाज नाही, पळावं तर पाय नाहीत.

अशात कस्तुरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नरहररावांनी जाहीर करून टाकलं, "माझ्या लेकीला दवाखान्यात मीच नेणार, माझ्याच गाडीतून." अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "अहो, गाडी आता म्हातारी झालीय, तुमच्यासारखीच." पण ऐकतात थोडेच! मी मात्र धसकलो. भर रस्त्यात इंजिन जाम झालं तर त्या पोरीनं काय करायचं? दिवस भरत आले तसा माझा जीव टांगणीला लागला.

एकदा ती आवारापर्यंत फिरत आली. गाडी सुरू झाली तशी म्हणाली, "बाबा, धूर निळा येतोय. इंजिन ऑइल जाळतंय. बघू, गेज काढा तर."

मला वाटलं, सुटलो! ही पोरगी माझीच शिष्या. त्यांनी गाडी बंद करून मला काढलं, पुसलं, परत काढलं. मी होतो त्याच उतारावर. वरच्या खुणेपर्यंत चकचकीत! "ठीक तो है," ती म्हणाली आणि हसून निघून गेली. त्या दिवशी मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

आणि मग एका दुपारी कळा सुरू झाल्या. अन्नपूर्णाबाई तिला धरून मागे बसल्या, नरहररावांनी गाडी काढली. रस्त्यात ही गर्दी! वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला.

"बाबा, दिवा!"

"काही नाही गं, वायर ढिली असेल. गेज सकाळीच बघितलाय. फुल्ल आहे."

ऐकलंत? दिवा खरं सांगत होता, आणि माझ्या साक्षीवर त्याला खोटं ठरवत होते! इंजिन घरघरू लागलं. मी नळीत थरथरत होतो. कस्तुरीने आईचा हात आवळला आणि किंचाळली, "बाबा, गाडी रोको! अभी!"

त्यांनी गाडी कडेला घेतली. रस्ता तिथे तळहातासारखा सपाट होता. ते मला उपटायला धावले तर आतून ती म्हणाली, "थांबा. ऑइल खाली उतरू दे आधी." कळ आली, गेली. मग त्यांनी मला काढलं, पुसलं, परत घातलं, काढलं. नुसतं टोक ओलं होतं. खालच्या खुणेपर्यंतसुद्धा काही नव्हतं.

नरहरराव माझ्याकडे बघतच राहिले. "हा हरामखोर रोज मला खोटं सांगत होता."

"तो नाही बाबा," कस्तुरी धापा टाकत म्हणाली. "वखारीत ढलान आहे. आपण त्याला तिरकं उभं करून विचारलं."

लेकीला शब्द दिलेला. दवाखाना काही फार लांब नव्हता, दामटली असती तर कदाचित पोचलीही असती. त्यांचा हात किल्लीकडे गेला, मी पाहिलं. मग त्यांनी तो मागे घेतला आणि रस्त्यात उभं राहून टोटोवाल्याला, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षावाल्याला, हाक मारली, "ए भइया! बिटिया को अस्पताल ले चलना है, जल्दी!" जन्मात न थांबलेली गाडी तिथेच सोडून ते बायको-लेकीबरोबर टोटोत चढले. मी त्यांच्या मुठीतच राहिलो.

दवाखान्याच्या दारात नर्स ओरडली, "बाबूजी, ई का लेके घुसे जा रहे हैं?" तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. पण ठेवणार कुठे? धरूनच बाकावर बसले, ऊठबस करत राहिले. या हातातून त्या हातात घेता घेता माझ्या टोकाचं ऑइल त्यांच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत माखलं.

मग दार उघडलं. अन्नपूर्णाबाई दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन आल्या. "घ्या. दोघी सुखरूप आहेत."

मित्रांनो, किती दिवस हा माणूस त्या क्षणाची वाट बघत होता! त्यांनी हात पुढे केले, बघितले आणि मागे घेतले. काळेकुट्ट. मला घेऊन नळाशी गेले, मला कडेला ठेवलं आणि साबण चोळत राहिले. चोळता चोळता रडू लागले. "दामटली असती तर?" एवढंच म्हणत होते. मलाही रडायचं होतं, पण पोलादाला कुठून पाणी येणार?

म्हणून हात जोडून सांगतो, नसलेले हात जोडून. आम्हाला पुसा, जपा, नेमाने विचारा. पण विचारण्याआधी आमच्या पायाखालची जमीन बघा. आणि आमचं उत्तर मनाविरुद्ध आलं तर मान तुकवून ऐका, जसं त्या म्हाताऱ्याने ऐकलं.

नळ बंद करून त्यांनी हात हुंगले. वास गेला नव्हता. अन्नपूर्णाबाई दारातून म्हणाल्या, "अहो, किती वेळ? नात कधीची जागी आहे." मग ते तसेच, ओल्या हातांनी गेले.