ओटिलियाच्या भिंतीचा गिलावा

आमच्या नोव्हा लिंडेनाउचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीत उपाशी मरणारी माणसं ब्राझीलच्या जंगलात उपाशी मरायला आली आणि मरायचं राहून गेल्यामुळे गाव वसलं. त्यांनी लाकडी सांगाडे उभारले, मधल्या खणांत माती भरली, झाली घरं. पुढे डुकरं विकून चार पैसे गाठीला आले, तेव्हा उघडं लाकूड म्हणजे दारिद्र्य हा साक्षात्कार सगळ्यांना एकदमच झाला. घरोघरी गिलावा चढला. नंतरच्या पिढीने तीही घरं पाडून सिमेंटची बांधली. आता पर्यटक येऊ लागले, तर त्याच सिमेंटवर फळ्या ठोकून आम्ही पुन्हा जर्मन झालो आहोत. दवाखाना जर्मन, पेट्रोल पंप जर्मन, बसथांबा तर फारच जर्मन.

वेशीवरचं एकच घर तेवढं गावाची अब्रू घालवत होतं. ओटिलिया क्नोर्स्टचं, करड्या गिलाव्याचं. गाव तिला ओमा म्हणतं, म्हणजे आजी. नगराध्यक्ष लाउरी हिलेब्रांट यांना स्वागतकमान नेमकी तिथेच हवी होती, त्यामुळे घर पाडायचा ठराव झाला. ओमाला शाळेमागची नवी खोली मिळणार होती. तिथे कोंबड्यांना मनाई होती.

ओमा कचेरीत गेली. लाउरींनी तिला माते, म्हणजे आमच्याकडचा कडू चहा, पाजला आणि घरात ऐतिहासिक असं काहीच नाही, हे प्रेमाने समजावलं. तिने वाद घातला नाही. एवढंच मागितलं, की पाडण्याआधी जत्रेपुरतं तरी तिचं घर इतरांसारखं जर्मन करावं. निवडणूक जवळ होती. लाउरी गहिवरले.

जत्रेच्या सकाळी फोटोसाठी पहिली फळी स्वतः नगराध्यक्षांनी ठोकली. तिसऱ्या घावाला भिंतीचा भला थोरला पोपडा त्यांच्या बुटांवर आला. आत काळं, तासलेलं, लाकडाच्याच खुंट्यांनी जोडलेलं जुनं लाकूड. गर्दी माना उंचावून पुढे सरकली. बँडवाल्यांना कळेना, म्हणून ते वाजवत राहिले.

"ओमा, हे आधी नाही का सांगायचं?"

"तू म्हणालास ना बाबा, काही नाही म्हणून. चारचौघांत नगराध्यक्षाला खोटं कसं पाडू?" ओमा म्हणाली. "आणि गिलावा तुझ्याच आजोबांनी केलाय. म्हणाले, पोरी, हे लाकूड कुणाला दिसू देऊ नकोस, लोक हसतील."

लाउरींनी बूट झटकले आणि तिथल्या तिथे हा ऐतिहासिक शोध आपणच लावल्याचं जाहीर केलं. ठराव रद्द झाला, कमान फुटबॉलच्या मैदानाकडे गेली.

पर्यटक आले खरे, पण नाराज झाले. लाकूड वाकडं आहे, रंग नाही, याच्यापेक्षा पेट्रोल पंप जास्त जर्मन वाटतो, अशा तक्रारी आल्या. मग पालिकेने तोडगा काढला, की अस्सल लाकडावर सरळ फळ्या ठोकाव्यात.

ओमाने आनंदाने परवानगी दिली. कोंबड्या आहेत तिथेच आहेत.