काठोकाठ चहा

"तुर्सुनोयनेच पोलिसांना सांगितलं. दुसरं कोण सांगणार?" असं म्हणून मावजुदाने कणकेला असा गुद्दा हाणला की परात कट्ट्यावरून सरकली.

हमदम-आका भिंतीला टेकून बसले होते, एक हात बरगड्यांवर धरून. पंधरा दिवस कोठडीत काढून आले होते, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांचं वय पंधरा वर्षांनी वाढलं होतं. एके काळी शाळेत भूगोल शिकवायचे. आता त्या अख्ख्या मोहल्ल्यात येशूला मानणारी जी सहा टाळकी होती, त्यांतलं सर्वांत थोरलं टाळकं त्यांचं.

"पुरावा काय, मावजुदा?"

"पुरावा? पोलीस आले त्या रविवारी तुमच्याकडे आम्ही सगळे होतो, ती एकटी नव्हती. हा पुरावा नाही?"

"आजारी असेल."

"मग सांगायला तोंड नव्हतं का? मी विचारलं तर म्हणते, काम होतं. कसलं काम? टोप्या शिवणारीला रविवारी असं काय काम लागून गेलं होतं? आणि त्याच संध्याकाळी दूधवालीने तिला ठाण्याच्या फाटकातून बाहेर पडताना बघितलं. स्वतःच्या पायांनी चालत होती, आका. तुम्हाला दोघांनी धरून आणावं लागलं."

आकांनी बरगड्या सांभाळत पाठ भिंतीला नीट टेकवली. ते वाद घालत नाहीत म्हटल्यावर आपलंच खरं, असं मावजुदाने धरून टाकलं. ती तशीच होती. एकदा डोक्यात काही बसलं की बसलं.

त्यांच्या फरगाणा शहरात दर गल्लीत मित्रमंडळींच्या बैठका चालतात. आज याच्याकडे पुलाव, पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे. घरात जमून प्रार्थना करणं तिकडे गुन्हा, म्हणून या सहा जणांनीही तीच युक्ती केली होती. पुलाव शिजायचा, चहा व्हायचा, आणि मध्येच कुणीतरी उशीच्या अभ्र्यातून शुभवर्तमानाचं पुस्तक काढायचं. इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मार्चमधल्या नवरोजच्या आठवड्यात मात्र पोलीस आले, पुलावाकडे ढुंकूनही न बघता एकेक उशी चाचपली आणि पुस्तकाबरोबर आकांना घेऊन गेले. सोडताना बजावलं होतं, पुन्हा सापडलात तर पंधरा दिवस नाही, वर्षं मोजत बसाल.

आणि आता चार दिवसांवर ईस्टर आला होता. जमायचं मावजुदाकडे ठरलं होतं. तुर्सुनोयला कळवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. कळवलं आणि ती फितूर निघाली, तर आका गेले. त्या बरगड्यांनिशी ते परत आले नसते.

"कळव तिला," आका जाता जाता म्हणाले. "शिष्यसुद्धा घाबरून दारं लावूनच बसले होते. प्रभू आत आला, तेव्हा त्याने कोण पळालं, कोण विकलं, याची चौकशी नाही केली. आधी शांती दिली."

"त्याचं ठीक आहे हो," मावजुदा पुटपुटली. "त्याला बंद दारातून येता येत होतं. आपल्याकडे दार फोडून येतात."

गुरुवारी तुर्सुनोय स्वतःच आली. काखेत टोप्यांचं गाठोडं, तोंडावर तेच अर्धवट हसू. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलेल्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीने रांधलं होतं, आणि येशूची गोष्ट मावजुदाला पहिल्यांदा सांगितली तीही तुर्सुनोयनेच, टाके घालता घालता.

"रविवारी कुणाकडे गं?" तिने बसता बसता विचारलं.

बघा! आल्याबरोबर हाच प्रश्न. मावजुदाने किटली उचलली आणि तुर्सुनोयच्या पियाल्यात चहा ओतला. ओतला म्हणजे ओतच राहिली. तिकडे पाहुण्याला पियाला अर्धाच देतात. चहा संपतो, पुन्हा मागावा लागतो, पुन्हा दिला जातो, म्हणजे बस, उठू नकोस. काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो: पी आणि चालती हो.

चहा काठावर येऊन थरथरत होता. तुर्सुनोयने त्याच्याकडे बघितलं, मग मावजुदाकडे बघितलं. दोन्ही हातांनी पियाला उचलला आणि तो कढत चहा एका दमात संपवला. डोळ्यांत पाणी आलं ते चहानेच, असं मावजुदाने स्वतःला सांगितलं.

"सुखी राहा," तुर्सुनोय म्हणाली, आणि गाठोडं उचलून गेली.

बरी जिरवली, मावजुदाला वाटलं. जेमतेम तासभर वाटलं. मग दिवसभर उगाचच सुनेवर खेकसत राहिली.

शुक्रवारी हसियत-आपा नान घ्यायला आल्या. या आपा म्हणजे मोहल्ला समितीच्या प्रमुख. कुणाच्या घरी कोण आलं, किती वेळ बसलं, काय खाल्लं, हे घरातल्यांआधी त्यांना ठाऊक. त्यांना बघितलं की मावजुदाच्या तोंडावर आपोआप गोड हसू यायचं.

"या, आपा. गरम आहेत बघा."

"तुझ्या हाताला चव आहे हो," आपा म्हणाल्या. एक नान दाबून बघितला, दुसरा दाबून बघितला. "एवढी साधी बाई तू, म्हणूनच लोक तुझा फायदा घेतात. मी ठाण्यातही हेच सांगितलं. म्हटलं, साहेब, मावजुदाला त्यातलं काही कळत नाही."

"कशातलं, आपा?"

"अगं, तो नान! नवरोजला मी तुला गव्हाच्या कोंबांची सुमलक शिजवून दिली होती, आठवतं ना? त्या वाडग्यावर तू नान ठेवून पाठवलास. बघते तर त्यावर हा एवढा क्रूस! मला दाखवावंच लागलं, माझीही नोकरी आहे. साहेब म्हणाले, बाईला बोलवा. पण तुझ्याकडे सारखी येते कोण? ती टोपीवाली. म्हणून आधी तिला नेलं शुक्रवारी. आणि तिने चटकन कबूल केलं की! म्हणे, तंदूराशी बसले होते, गंमत म्हणून मीच तो ठसा मारला, मावजुदाला माहीतही नाही. रविवार संध्याकाळपर्यंत ठेवलं, पण बाईने दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. क्रूस कळला म्हटल्यावर साहेबांना ते लोक जमतात ते घर शोधायला किती वेळ? त्या भूगोलवाल्या म्हाताऱ्याचे रंग सगळ्यांना माहीत होतेच. आता सोमवारी तिची सुनावणी आहे. तू आपली लांब राहा तिच्यापासून. चार नान बांध."

मावजुदाने चार नान बांधले. पैसे घ्यायचे राहून गेले, आणि आपांनीही आठवण केली नाही.

आधी तिला वाटलं, हा सापळा आहे. ही बया मला बोलतं करायला आली आहे. किंवा तुर्सुनोयनेच हिला पढवून पाठवलं असेल. दोघी मिळालेल्या असतील! संशयाला काय, एक दार बंद केलं की तो दुसऱ्या दाराने आत येतो, आणि मावजुदाने तर त्याला महिनाभर चारून-पाजून पोसलं होतं. पण वाडगा तिला आठवत होता. निळ्या नक्षीचा, काठाला टवका उडालेला.

त्या शुक्रवारी तिने रविवारच्या प्रभुभोजनासाठी चार नान वेगळे भाजले होते. कोंबडीच्या पिसांच्या ताठ दांड्या बांधून स्वतः केलेला क्रूसाचा ठसा भाजण्याआधी त्यांच्यावर मारला होता. बाकीचे नान विकले गेले, आणि आपांचा वाडगा परत द्यायचा होता. शेजारणीचा वाडगा रिकामा परत करायचा? सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. तिने घाईघाईत फडक्यातला एक नान काढला, वाडग्यावर ठेवला आणि सुनेच्या हाती दिला. आणि ठेवला तोही सरळ, तोंड वर करून. नान पालथा ठेवायचं पाप कोण करेल? पालथा ठेवला असता तर क्रूस वाडग्यात झाकला गेला असता, निदान दारात तरी कुणाला दिसला नसता.

म्हणजे आकांच्या बरगड्या मोडल्या त्या तिच्यामुळे. आणि तिने महिनाभर बोट दाखवलं ते त्या बाईकडे, जी तिच्यासाठी तीन दिवस आत बसून आली.

मावजुदाने फळीवरचा तो पिसांचा ठसा घेतला आणि तंदूरात टाकला. जळक्या पिसांचा उग्र वास अंगणभर पसरला. सून धावत आली, "आई, काय जळलं?"

"काही नाही. जा आत."

शनिवारभर ती स्वतःला समजावत होती. पोरगा रशियात विटा वाहतोय. घरात सून, दोन नातवंडं. तंदूर बंद पडला तर खायचं काय? तुर्सुनोयला मागे-पुढे कुणी नाही. तिने आपणहून अंगावर घेतलंय, मी थोडंच सांगितलं होतं? आणि आता ठसाही नाही, पुरावाही नाही. गप्प राहिलं की झालं. एवढं सगळं पटवूनही तिला घास गिळेना. उद्या आका नान तोडणार, तो तिच्याच हातचा. तो तुकडा ती कोणत्या तोंडाने घेणार होती?

रविवारी उजाडल्यावर तिने नान भाजले, बिनठशाचे. बैठकीला अजून दोन तास होते. डोक्याला रुमाल बांधून ती बाहेर पडली. जर्दाळूच्या झाडांना हिरवी फळं धरली होती, पण तिचं लक्ष खिडक्यांवर. या पडद्यामागे कोण, त्या फाटकाशी कोण थांबलंय. तुर्सुनोयच्या दारावर तिने हळूच थाप मारली.

आत शिलाई मशीन थांबलं. "कोण?"

"मी."

पावलं दाराशी आली, पण कडी निघाली नाही. मग आतूनच: "परवा काठोकाठ पाजलास, बाई. अजून पोट भरलेलं आहे."

"तुर्सुन, दार उघड."

"कशाला? तुझ्याबरोबर कोण कोण आलंय ते आधी सांग."

तीसुद्धा संशय घेत होती. आणि तिला तो हक्क होता. मावजुदाने दारावर कपाळ टेकलं. हळू बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण आवाज फुटला तो असा की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"तो नान माझा होता! ठसा माझा होता! आका माझ्यामुळे आत गेले, आणि मी तुला फितूर म्हणत गावभर हिंडले!"

कडी खाडकन निघाली. तुर्सुनोयने तिला दंडाला धरून आत ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. "अगं येडे, गप! हसियतला झोपेतून उठवतेस का? मी तीन दिवस दात आवळून बसले ते काय तू गल्लीत दवंडी पिटावीस म्हणून?"

मावजुदा तिच्या हाताआडून हुंदके देत राहिली. बऱ्याच वेळाने तो हात निघाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू आकांच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं असतंस? मी ओळखते तुला. लाजेने मेली असतीस, पण आली नसतीस."

"तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पहिल्या रात्री तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं." तुर्सुनोय डोक्याच्या रुमालाने नाक पुसत होती. "काही मोठी शूर नाही गं मी. पण त्या खोलीत मी एकटी आहे असं मला एकदाही वाटलं नाही. का, ते मला नाही सांगता येणार."

मावजुदाने डोळे पुसले. "उद्या सुनावणीला मी येणार. ठसा माझा होता, हे मी सांगणार. नाही म्हणू नकोस."

"नातवंडं?"

"सून आहे. पीठ मळायला शिकवलंय तिला."

तुर्सुनोयने तिला जवळ ओढून दोन्ही गालांचे मुके घेतले आणि कानाशी ईस्टरला म्हणतात ते म्हणाली, "ख्रिस्त उठला आहे."

"खरोखर उठला आहे," मावजुदा म्हणाली. "चल, आका येतील. आणि उद्या दोघी जाऊ."

"दोघी नाही, तिघं."

मावजुदा दचकून मागे वळली. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर कोण ऐकतंय, कोण हा तिसरा? तिने बाहेर डोकावून गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. कुणीच नव्हतं. तुर्सुनोयकडे वळली, तर ती गालातल्या गालात हसत होती. "त्या खोलीत माझ्याबरोबर होता ना, तो." तेव्हा कुठे मावजुदाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिने दार न लावता तसंच उघडं राहू दिलं.