तुला विचारलं होतं

माझं लग्न मला न विचारता ठरलं. लेकीच्या वेळी मात्र आमचे हे जगाला ऐकवत सुटले, "आमच्याकडे मुलीला विचारतात."

विचारलं. तिने एक घाव दोन तुकडे केले, नाही म्हणाली. मग रोज विचारलं. जेवताना विचारलं, कामावरून दमून आल्यावर विचारलं, आत्याला बोलावून विचारलं. कसलं विचारणं, डोकं खाणं ते! शेवटी पोरगी "बरं" म्हणाली.

काल ती सुजलेला गाल घेऊन दारात आली. यांनी शिलाई मशीनसुद्धा थांबवली नाही. म्हणाले, "तुला विचारलं होतं."

असाच गाल घेऊन मीही एकदा माहेरी गेले होते. माझ्या बापाने निदान शरमेने मान खाली घातली होती.