राखाडी डबा

नोटबुर्गाच्या सॅकमध्ये एकतीस वर्षं दोनच डबे असायचे, एक तांबड्या रंगाचा आणि एक पांढऱ्या. या जुलैत तिसरा आला, राखाडी. गिर्यारोहण मंडळाच्या कचेरीतल्या बाईंनी तो टेबलावर ठेवला, तेव्हा तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. दगडावर मारलेली खूण घासून जात नाही. वाट मोडायची असली की खुणेवर दगडाचाच रंग मारतात आणि मग तिथे कधी वाट होती हे कुणाला कळतसुद्धा नाही.

बाई सरळ बोलल्या. डोंगराच्या पोटातला बर्फ वितळतोय, शेजारच्या खोऱ्यात दोन वर्षांत दोन उतार खाली बसले. तेव्हा गाम्स खिंडीची वाट ठेवायची की मोडायची, हे तुम्हीच चालून बघा आणि तुम्हीच लिहून द्या. तुमचा शब्द शेवटचा. नोटबुर्गा मनात म्हणाली, वा, म्हणजे सुरी माझ्याच हातात आणि मानही माझीच.

मान तिची एकटीची असती तर एक वेळ चाललं असतं. खिंडीच्या अलीकडे, गवताळ पठारावर तिच्या दिराचं, कासियानचं मुक्कामघर होतं. चाळीस बिछाने, एक मोठी चूल, आणि कासियान. पलीकडच्या खोऱ्यातून खिंड ओलांडून येणारे वाटसरू तिथे रात्र काढायचे, म्हणून ते घर चालायचं. खिंड बंद झाली तर तिथपर्यंत फक्त खालच्या गावातले लोक रविवारी सूप प्यायला येणार. कासियान बासष्टचा, लग्न केलेलं नाही, आणि त्या घराशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

आणि वाट तरी कुणाची? नोटबुर्गाची आणि रोमेदची. लग्नाच्या वर्षी दोघांनी ती आखली. रोमेद पुढे चालायचा, ती खुणेपाशी थांबायची. तो दिसेनासा होतोय असं वाटलं की ती दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायची आणि तो असेल तिथे थांबायचा. पुढची खूण तिथेच. वरचा-खालचा तांबडा पट्टा तो मारायचा, मधला पांढरा ती भरायची. त्याचा खालचा पट्टा दर वेळी उजवीकडे उतरायचा, आणि ती दर वेळी बोलायची की अरे डोळे आहेत की बटणं. रोमेदला जाऊन चार वर्षं झाली होती. ती आता एकटीच रंग द्यायची, पुढे जाऊन मागे वळून स्वतःच बघायची. जुन्या खुणा मात्र त्याच्याच वाकड्या कडेवरून गिरवायची. सरळ करायला हात काही धजत नव्हता.

संध्याकाळी ती वर पोचली तेव्हा कासियाननं तिच्यापुढे क्नोडेलचं सूप ठेवलं. ते पावाचे गोळे रोमेदला आवडायचे तसे, धुरावलेलं डुकराचं मांस जरा जास्तच घातलेलं. तिनं ओळखलं, आज पाहुणचार उगाच नाही. त्यानं सॅककडे बघितलं. तिसऱ्या डब्याची बातमी खोऱ्यात कधीच पसरली होती.

"वहिनी, खोटं लिही असं मी म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण उद्या वर गेल्यावर जरा कानाडोळा कर. एक-दोन दगड इकडचे तिकडे झालेत म्हणून दिराच्या पायावर धोंडा पाडू नकोस."

"आधी बघू तर दे."

"तुला बघायला कशाला लागतंय? तू ती वाट झोपेत चालशील."

हे मात्र खरं होतं, आणि तिला ते ऐकायला आवडलं, हेही खरं. शेजारच्या बाकावर उत्तरेकडच्या सपाट मुलुखातलं एक जोडपं बसलं होतं, आयलर्ट आणि आंत्ये, दोघंही साठीच्या पुढची. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर आलेली, म्हणून लहान मुलांसारखी हरखलेली. नोटबुर्गा वाटेची राखण करते हे कळल्यावर आंत्ये तिला अहो-जाहो करायला लागली, तेव्हा कासियाननं लगेच सुनावलं की एवढ्या उंचीवर अहो-जाहो चालत नाही, इथे सगळे अरे-तुरे. आंत्येनं लाजत विचारलं की उद्या आम्ही खिंडीकडे जायचं म्हणतोय, वाट सापडेल ना गं? नोटबुर्गा वाडग्यातलं उरलंसुरलं सूप पावानं टिपून घेत म्हणाली, "खुणा बघत चला. डोळे झाकून भरवसा ठेवा माझ्या खुणांवर."

सकाळी तिनं मुक्कामघराच्या वहीत आपलं नाव आणि 'गाम्स खिंड' असं लिहिलं आणि पहिली निघाली. तास-दीड तास सगळं ठीक होतं. मग धुकं उतरलं, दाट, ओलं, हातातल्या काठीचं टोकसुद्धा अंधुक दिसावं असं. तिला त्याचं काही नव्हतं. खूण दिसली की तिच्यापर्यंत जायचं, तिथून पुढची शोधायची. ती नवख्यांना हेच शिकवायची, की धुक्यात आठवणीचं ऐकू नका, आठवण थापाडी असते, खुणेचं ऐका.

घसाऱ्याशी, सुट्या दगडगोट्यांच्या उतारावर, तिचे पाय डावीकडे वळू लागले. तिथेच तिला उजव्या बाजूला, थोडी खाली, खूण दिसली. तांबडा, पांढरा, तांबडा. ती थबकली. इथे वाट खाली उतरते का? पण खूण तर होती, आणि खालचा पट्टा उजवीकडे कललेला. रोमेदचाच हात. पायांना म्हातारचळ लागलाय म्हणत ती खुणेकडे उतरली. धोंड्याला हात लावला, ओळखीच्या माणसाला लावावा तसा, आणि नाकासमोर पुढे चालू लागली.

वीसेक पावलांवर जमीन बदलली. खडे पायाखालून वाहायला लागले. काठी टेकली तर ती टेकेचना. एक दगड तिच्या बुटाखालून सुटला, दोनदा आपटला आणि मग त्याचा आवाजच आला नाही. नोटबुर्गा होती तिथेच मटकन खाली बसली. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात ती या डोंगरात घाबरली नव्हती असं नाही, पण वाटेवर असताना कधीच घाबरली नव्हती.

वारा आला आणि धुकं पडदा सरकावा तसं बाजूला झालं. समोर दहा हातांवर घळीची कड होती. तिथून खाली काही नव्हतं. वाट वर डावीकडे राहिली होती, पायांनी सांगितली होती अगदी तिथे. तिनं मागे वळून बघितलं. तो धोंडा, बैलगाडीएवढा, आपल्या जागेवरून पंधरा-वीस पावलं खाली आला होता. कलंडला नव्हता, पालथा झाला नव्हता. डोक्यावरची खूण सांभाळत उभाच्या उभा घसरत आला होता आणि कड्याच्या तोंडाशी भल्या माणसासारखा रस्ता दाखवत बसला होता.

तिला स्वतःचंच हसू यायला लागलं आणि तेवढ्यात आठवलं. डोळे झाकून भरवसा ठेवा. ती दोघं तिच्या पाठोपाठच निघणार होती.

ती हातापायांवर रांगत धोंड्यापर्यंत परत आली. धुकं पुन्हा मिटत होतं, आणि वरून आंत्येचा आनंदी आवाज आला, "आयलर्ट, ती बघ, खूण. खाली उजवीकडे."

नोटबुर्गानं दोन बोटं तोंडात घातली. चार वर्षांत तिनं शीळ घातली नव्हती. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा शीळ डोंगरभर वाजली. "थांबा," ती ओरडली, "तिथेच थांबा, एक पाऊलसुद्धा पुढे टाकू नका." ती वर त्यांच्यापर्यंत गेली. दोघांना हाताला धरून घसाऱ्याबाहेर आणलं आणि मुक्कामघराची परतीची वाट दाखवली. आयलर्ट बिचारा म्हणाला, पण खूण तर होती ना? ती म्हणाली, "होती रे बाबा. माझीच होती."

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर तिनं राखाडी डबा उघडला. पहिला तोच धोंडा. रोमेदचा कललेला पट्टा झाकताना तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं, तिथे बघायला होतं कोण. मग ती मागे फिरून एकेक खूण पुसत खाली उतरली. पलीकडच्या बाजूच्या खुणा आठवडाभरात तिकडून जाऊन पुसायच्या होत्याच. सगळ्या मिळून एक्क्याण्णव. तिला त्या पाठ होत्या.

शेवटची खूण मुक्कामघराच्या दाराजवळच्या दगडावर होती, रोमेदनं मारलेली पहिली. कासियान पायरीवर बसला होता. आयलर्ट-आंत्येनं त्याला सगळं सांगितलं होतं. नोटबुर्गा ब्रश धरून उभी राहिली. एवढ्या खुणा पुसल्या, पण इथे हात उचलेना.

कासियान म्हणाला, "राहू दे की ती. दारातली खूण कुणाला कड्यावर नेणार आहे?"

"खूण दिसली की माणूस पुढची शोधतो, कासियान."

तो गुडघा चोळू लागला. "काल मी तुला कानाडोळा करायला सांगितलं," तो म्हणाला. "आज ती दोघं माझ्या वहीत नुसती नावं उरली असती. मला लाज वाटते, वहिनी."

"मलाही वाटते. मी तर न बघताच भरवसा ठेवा म्हणून सांगून बसले होते."

ती त्याच्या शेजारी टेकली. मग तिनं काठीनं पूर्वेकडे दाखवलं, जिथे मेंढपाळांची जुनी पायवाट कातळाच्या अंगानं दांडावर चढून पलीकडे उतरत होती. तिकडे सगळा पक्का खडक होता, पण वळसा दोन तासांचा. ती वाट कुणी आखलीच नव्हती, कारण खिंडीची जवळची होती ना.

"दोन तास जास्त चालून कोण येणार माझ्याकडे?" कासियान म्हणाला.

"जो येईल तो दुप्पट भुकेला येईल. क्नोडेल वाढव."

तो हसला नाही, पण उठला. सॅकमधून तांबडा डबा काढून हातात धरला. "गुडघा दुखतोय म्हणून सांगून ठेवतो. नंतर बोलू नकोस."

"चाल पुढे. मी इथे थांबते."

नोटबुर्गा दारातल्या दगडापाशी उभी राहिली. त्या दगडाचं काहीच करावं लागणार नव्हतं आता. पुढची खूण तिथून दिसेल एवढंच बघायचं होतं. कासियान लंगडत, कुरकुरत पठारावरून चढत गेला. पाठमोरा तो थेट भावासारखा दिसायचा, हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. तो एका कातळाआड जाऊ लागला, टोपी तेवढी उरली, आणि तिला शीळ घालायला क्षणभर उशीरच झाला.

शीळ वाजली. टोपी थांबली. मग तो दोन पावलं मागे, उजेडात आला, तिच्याकडे वळला आणि डबा वर करून दाखवला.