जांभळीचा हात

नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाने विणकाम करू नये असा कायदा कुठेही नाही, पण तो असावा असं बहुतेकांना वाटतं. आमच्या या नळवाल्यालाही वाटायचं. मग तो शिडीवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि दीड महिना खाटेवर काढायची पाळी आली. उशाशी बायकोच्या सुया आणि जांभळ्या लोकरीचा गुंडा पडलेला. बायकोने मोठ्या हौसेने विणकाम सुरू केलं होतं, इंटरनेटवरच्या एका विणकामाच्या गटात ‘जांभळी’ नावाने खातंही उघडलं होतं, आणि आठव्या दिवशी सगळ्यावर पाणी सोडलं होतं. नळवाल्याने कंटाळून सुया हातात घेतल्या. दुसऱ्याच ओळीत टाका निसटला. बायकोच्या खात्यावरून त्याने गटाला विचारलं, आता काय करू?

पाच मिनिटांत उत्तर आलं. “अगं जांभळे, घाबरतेस काय? काही ओढू नकोस. शिडीसारखे आडवे धागे दिसतायत ना, ते बारक्या सुईने एकेक करून वर उचल.” खाली सही, मावशी.

ही मावशी म्हणजे गटाचा जीव. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. नवीन आलेल्या प्रत्येकीचं काम ती फोटो मोठा करकरून बघायची आणि चूक सापडली की निर्दयपणे उसवायला लावायची. गट फक्त बायकांचा होता. दोन पुरुष चोरून शिरले होते, त्यांना मावशीने एका दिवसात हाकललं. नळवाल्याने ठरवलं, पाय बरा झाला की आपणही गुपचूप काढता पाय घेऊ. पाय बरा झाला. त्याला नऊ वर्षं झाली, आणि नळवाला अजून तिथेच.

नऊ वर्षं तो ‘विणते’, ‘उसवते’, ‘दमले गं बाई’ असं लिहीत राहिला. आधी मजा वाटली, मग सवय झाली, मग लाज वाटायला लागली, आणि लाज वाटायला लागली तेव्हा सांगायची वेळ टळून गेली होती. त्याचे वडील गेले त्या महिन्यात मावशी रोज दुपारी एकच ओळ पाठवायची, “जांभळे, जेवलीस का?” लोकांच्या जिन्यात हत्यारांच्या पिशवीवर बसून तो ती वाचायचा आणि रडायचा. वर कुणाचा तरी नळ गळत असायचा.

गटात एक रीत होती. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी सारख्या लोकरीचा, सारख्या सुयांवर वीतभर तुकडा विणायचा आणि टाके मोजायचे. प्रत्येकीचा हात वेगळा असतो, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल, त्यामुळे आकडे कधी जुळत नाहीत. पण मावशीचे आणि जांभळीचे दर वर्षी जुळायचे, अगदी टाक्याला टाका. मावशीने एकदा लिहिलं होतं, “हा माझाच हात आहे, फक्त तुझ्या घरी राहतो.” हे तुकडे विणायचे त्याला कारण होतं. एखादी गेली तर तिच्या सुयांवर राहिलेलं काम, जिचा हात तिच्याशी जुळतो तिने पुरं करायचं. म्हणजे एकीचा हात कुठे थांबला आणि दुसरीचा कुठे सुरू झाला ते कळत नाही.

उन्हाळ्यात मावशी आजारी पडली. शेवटी शेवटी तिने लिहिलं, “जांभळे, एकदा फोनवर बोल ना. तुझा आवाज ऐकावासा वाटतो.” नळवाल्याने उत्तर दिलं, घसा बसलाय. पुढच्या आठवड्यात परत तेच विचारलं, परत तेच उत्तर. आणि एक दिवस गटावर मावशीच्या यजमानांचा मजकूर आला, की ती गेली. सुयांवर एक स्वेटर राहिलाय, पोस्टाने पाठवायचा धीर होत नाही, टाके निसटतील. ज्यांनी पुरा करायचा त्यांनी येऊन न्यावा.

दोनशे बायकांनी एकाच नावावर बोट ठेवलं.

“मी जाते ना जांभळी बनून,” बायको म्हणाली. “फोटो तर माझाच आहे तिथे.”

“आणि त्यांनी म्हटलं, दोन ओळी विणून दाखव, तर?”

बायकोने सुयांकडे बघितलं आणि त्या त्याच्यापुढे सरकवल्या. मग म्हणाली, “तूच जा. पण खरं काय ते सांगून ये. नऊ वर्षं बघतेय मी तुला.”

तो बसने चार तास प्रवास करून गेला. दोन खोल्यांचं नीटनेटकं घर, खिडकीपाशी एक खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर गुंडाळलेली शाल. दार उघडणारे काका उंच, वाकलेले, दाढी वाढलेली. त्यांनी त्याच्या खांद्यांकडे, जाडजूड बोटांकडे बघितलं.

“जांभळीकडून आलात का? यजमान तिचे?”

“हो,” तो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. बसमध्ये चार तास घोकलेलं सगळं त्या एका ‘हो’मध्ये बुडालं.

काकांनी चहा दिला आणि कपाटातून स्वेटर आणला. गडद जांभळा, सगळा झालेला, फक्त एक बाही राहिलेली. काकांनी तो उलगडून दाखवला. एवढासा स्वेटर. अरुंद खांदे, बारीक कंबर.

“जांभळीसाठीच होता हो,” काका म्हणाले. “माप अंदाजाने घेतलं. म्हणायची, टाके इतके नाजूक घालते, पोरगी शेलाटी असणार. तुमच्या मिसेसना होईल ना?”

“होईल,” तो कसाबसा म्हणाला. बायकोला खरंच झाला असता. आता नुसता हात पुढे करायचा, पिशवीत घालायचा आणि निघायचं. कुणाला काही कळलं नसतं.

काका स्वेटर त्याच्या हातात द्यायला वाकले, आणि सुई सटकली. सात-आठ टाके मोकळे झाले, एक भराभर खाली उसवत गेला. “अरे देवा!” काका ओरडले. “गेलं, तिचं गेलं सगळं!”

“ओढू नका. काही ओढू नका, काका.” नळवाल्याने स्वेटर मांडीवर घेतला. खिशातल्या बारक्या सुईने एकेक आडवा धागा वर उचलला, टाके परत ओळीत घेतले आणि तिथूनच, न थांबता, पुढची सबंध ओळ विणून टाकली. मग त्याला काकांची आठवण झाली.

ते त्याच्या हातांकडे बघत होते. चाळीस वर्षं त्या खिडकीशी त्यांनी तेच हात बघितले होते. बोट वाकवायची तीच रीत, लोकर करंगळीवरून घ्यायची तीच लकब.

“तुम्ही...”

“मीच जांभळी, काका.” त्याला मान वर करवेना. “माझी बायको विणत नाही. पहिल्या दिवसापासून मीच होतो. मावशींना फसवलं मी. सांगितलं असतं तर त्यांनी मला काढून टाकलं असतं, म्हणून...”

“काढलंच असतं!” काका म्हणाले. “तिचा नियम म्हणजे नियम.”

ते खुर्चीत बसले. एकदा त्यांनी तो चिमुकला स्वेटर बघितला, एकदा समोरचा हा दांडगा माणूस, आणि त्यांना हसू फुटलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ते हसले. नळवालाही हसायला लागला. मग काकांचं हसू थांबलं आणि पाणी तसंच वाहत राहिलं.

“आधी सांगायचं होतंस रे,” ते म्हणाले. “फार हसली असती ती. शेवटचे चार महिने आम्ही सगळे धडपडत होतो, तिला एकदा तरी हसवावं म्हणून. आमच्यापाशी काहीच नव्हतं.”