झोके बंद आहेत

मी वर बघितलं नसतं तर बरं झालं असतं, असं आमच्या घरात हल्ली सगळ्यांचं मत आहे. माझं स्वतःचं मत रोज बदलतं.

झोक्यावर पोर बसलं की आया पोराकडे बघतात. झोका कशाला टांगलाय तिकडे कोणी बघत नाही. मी बघते. माझा मुलगा चार वर्षांचा. त्याला घरात सगळे मुंगळा म्हणतात, कारण पायाला चिकटला की सुटत नाही. त्याला ढकलता ढकलता माझी नजर वरच्या आडव्या दांड्याकडे गेली. दोन झोके, चार कड्या. त्यातली दुसरी कडी, साखळी घासते तिथं, मला बाकीच्यांपेक्षा बारीक वाटली. उन्हात लखलखत होती. बाकीचा दांडा गंजलेला आणि तेवढीच जागा चकाचक, म्हणजे तिथलं लोखंड रोज थोडं थोडं जातंय, एवढं मला कळतं. मी झोका थांबवला. मुंगळ्यानं भोकाड पसरलं.

हे राज्य उद्यान आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नुसती बाग नाही ती. मोठा तलाव आहे, तंबू ठोकायची जागा आहे, झाडीतून जाणाऱ्या पायवाटा आहेत. राज्यभर अशी बेचाळीस उद्यानं आणि सगळ्यांवर एकच खातं. त्यामुळे बाकं सगळीकडे सारखी, पाट्या सारख्या, कचऱ्याच्या पेट्यांचा हिरवा रंगही सारखा. मला हे आवडायचं. कुठंही गेलं तरी जरा घरच्यासारखं वाटायचं.

उद्यानाच्या रेंजरकाकांना बोलावलं. त्यांनी कपाळावर हात धरून खालूनच बराच वेळ पाहिलं.

"चढून बघा ना," मी म्हटलं.

"खेळण्यांना हात लावायची मला परवानगी नाही, ताई. ते काम तपासनिसाचं. मी फक्त तक्रार वर कळवायची आणि पट्टी बांधायची."

त्यांनी कळवलं आणि लाल-पांढरी पट्टी बांधली. त्या संध्याकाळी मी जरा ऐटीतच घरी आले. आपण कोणाचं तरी डोकं फुटण्यापासून वाचवलं, असं वाटत होतं.

दोन दिवसांनी उद्यानाच्या फाटकावर पाटी लागली: राज्यातील सर्व उद्यानांतले झोके पुढील तपासणीपर्यंत बंद आहेत.

"सर्व?" मी रेंजरकाकांना गाठलं. "मी तर एका कडीबद्दल बोलले होते."

"एकाच कारखान्यातून एकाच खेपेत आलेत सगळे. एकावर तक्रार आली की त्या बनावटीचे सगळे बंद. तपासनीस येणार, ठोकून बघणार, मगच उघडणार."

"मग येईल की तो."

"येईल ना. बेचाळीस उद्यानांना एकटा आहे. सुरुवात पलीकडच्या टोकापासून करतो. आपण शेवटी. थंडी संपेपर्यंत धरून चला."

बाहेर तेव्हा अजून घामाच्या धारा लागत होत्या.

माझी मोठी जाऊ आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. तिला दोन मुली, थोरली नऊची, धाकटी सहाची. वहिनी तोंडाने फटकळ. भीती नावाची वस्तू तिच्या घरात आणलेलीच नाही. मी गॅस बंद केलाय का ते बघायला सिनेमा अर्ध्यावर टाकून घरी आलेली बाई, तेव्हापासून तिनं माझं नाव पंचनामा ठेवलंय.

"अहो, ऐकलंत का?" ती जिन्यातूनच माझ्या दिरांना ओरडून सांगत होती. "आपल्या पंचनाम्यानं अख्ख्या राज्याचे झोके बंद पाडले! आता उद्या तलावात पाणी जास्त आहे म्हणून कळव गं, तोही उपसून टाकतील."

"वहिनी, कडी खरंच झिजलीय."

"झिजली असेल. माझ्या चपलाही झिजल्यात. मी काय अनवाणी फिरते?"

मी हसले. हसण्यावारी नेण्याइतपतच होतं ते, तेव्हा.

झोके बंद झाल्यावर मुलं घरी बसतील असं मला का वाटलं होतं कोण जाणे. मुलं कधी घरी बसतात? आठवड्याभरात सगळी टोळी बोटीच्या उतारावर जमायला लागली. बोटी पाण्यात सोडायला तलावाच्या काठाला सिमेंटचा उतार केलेला आहे. वर कोरडा, खडबडीत. खाली जिथं पाण्यात शिरतो तिथं शेवाळ, हिरवं आणि बुळबुळीत. पोरांनी खेळ काढला: पुठ्ठ्यावर बसून वरून घसरत यायचं आणि पाण्याच्या अलीकडे पाय रोवून थांबायचं. जो पाण्याच्या सगळ्यांत जवळ थांबेल तो जिंकला. हे असले नियम मुलांना कोण शिकवतं?

मी पुन्हा रेंजरकाकांकडे.

"उतार बंद करा."

"उतार बोटींच्या विभागाकडे आहे. मासे धरायला येणाऱ्यांचा रस्ता तो. बंद केला तर तेच माझ्यावर तक्रार करतील."

"मग मुलांना हाकला."

"रोज हाकलतोय. मी पाठ वळवली की परत हजर." त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. चांगला माणूस आहे, पण एकटा. आणि उद्यान एवढं मोठं. "ताई, एक सांगू का? राग मानू नका. तक्रार तुमची एकटीची आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या की पाहण्यात चूक झाली. उद्या सकाळी झोके उघडतात. इथलेही, बाकीचेही. मुलं आपोआप उतार सोडतील."

"आणि कडी?"

"इतकी वर्षं टिकलीय. तपासनीस येईपर्यंत टिकेल."

घरी आले. जेवताना नवऱ्याला सांगितलं.

"दे की लिहून," तो म्हणाला. "सगळ्यांची सुटका होईल. तुझीही."

"आणि कडी तुटली तर?"

"तू दारालाही तीनदा कुलूप लावतेस. एकदा तरी उघडं सापडलंय का?"

तो चिडून बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. रात्रभर मी डोळे मिटून ती कडी पाहायचा प्रयत्न करत राहिले. जितकी पाहावी तितकी बदलत गेली. आधी बारीक, मग जाड, मग पुन्हा बारीक. मी खरंच काही पाहिलं होतं, की मला नेहमीसारखं फक्त वाटलं होतं? एका बाजूला झोका, एका बाजूला पाणी, आणि दोन्हीकडे माझंच पोर. माझा माझ्याच डोळ्यांवर भरवसा नव्हता, आणि कागदावर मात्र मलाच लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हटलं, पुन्हा एकदा नीट बघू आणि काय ते ठरवू. वहिनी मुलींना घेऊन बाकावर बसली होती. मुंगळा माझ्या ओढणीचा पदर धरून उभा होता. मी पट्टीखालून वाकून आत गेले, दांड्याखाली उभी राहिले आणि मान वर केली. ऊन डोळ्यांवर येत होतं. एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या. मोबाईलवर फोटो काढला, मोठा करून पाहिला, सगळं धूसर. पुन्हा काढला.

पदर सुटलाय हे मला कळलं नाही. मुंगळा कधी सुटत नाही हो. त्या दिवशी सुटला.

वहिनीची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी अजून वरच बघत होते.

उताराच्या तळाशी मुंगळा पाण्यात होता. थोरलीच्या पुठ्ठ्यावर बसून आला, पाय रोवायला उंची पुरली नाही, शेवाळावरून थेट आत. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं, आणि उठायला गेला की पाय पुन्हा सरकत होते, दर वेळी थोडा आणखी खोल. वहिनी साडीसकट पाण्यात शिरली, स्वतः आपटली, गुडघ्यांवर सरकत गेली आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर पकडून त्याला बाहेर ओढलं. मी पोचले तेव्हा तो खोकत होता आणि मग हसायला लागला.

"मी जिंकलो," म्हणाला. "मी सगळ्यांच्या पुढे गेलो."

मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला. वहिनीच्या कोपरातून रक्त येत होतं. हाताकडे अशी बघत होती जणू दुसऱ्या कोणाचा आहे.

"कुठं होतं लक्ष तुझं?" ती म्हणाली. नेहमीसारखा टोमणा नव्हता तो.

"कडीकडे."

"अगं बाई..." ती खाली बसली. "दे लिहून एकदाचं. ती कडी पडू दे, नाहीतर राहू दे. पण हे नको."

मी लिहून देणारच होते. रात्री कागद घेतला, पेन घेतलं, "पाहण्यात चूक झाली" एवढं लिहिलं आणि थांबले. चूक झाली असं लिहायचं तर चूक तरी झालेली हवी. ती झाली की नाही हे या राज्यात कोणालाच माहीत नव्हतं. कारण कडीला कोणी हातच लावला नव्हता.

सकाळी खाली गेले. वहिनी कोपराला पट्टी बांधून भांडी लावत होती.

"वहिनी, भाऊजींची घडीची शिडी हवीय. आणि धरायला तुम्ही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ही आता "आला पंचनामा" म्हणणार, म्हणून मी तयारीत उभी होते. तिनं हात पुसले.

"पडलीस तर तुझ्या नवऱ्याला मी तोंड देणार नाही, सांगून ठेवते."

मुलं शाळेत गेली होती. मुंगळा मात्र आमच्याबरोबर उद्यानात आला. त्याला वहिनीनं शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसवून एका पायाने दाबून धरलं. मी चढले. मला उंचीचीही भीती वाटते, हे वेगळं सांगायला नको. दांड्याला मिठी मारली आणि कडीवर बोट फिरवलं.

पहिली कडी: साखळीखाली उथळशी खाच. तिसरी, चौथी तशाच. दुसऱ्या कडीच्या खाचेत माझ्या करंगळीचं टोक अख्खं बसलं. उरलं होतं ते लोखंड पेन्सिलीहून बारीक.

"काय गं?" खालून वहिनी.

"अर्धी खाल्लीय."

"तुटेल का?"

"ते मला नाही सांगता येत. पण मला वाटलं नव्हतं, वहिनी. मी पाहिलं होतं."

वहिनीनं शिडी आणखी घट्ट धरली. त्याच झोक्यावर ती तिच्या धाकटीला उभी राहून उंच झोके घ्यायला लावायची, टाळ्या वाजवत. मग हळूच म्हणाली, "उतर आता. सावकाश उतर."

"अहो ताई! वहिनी! उतरा, उतरा आधी!" रेंजरकाका पायवाटेवरून धावत येत होते, खांद्यावरचा वायरलेस हातात धरून. "काय चाललंय हे? माझी नोकरी घालवता का?"

"तुम्हाला हात लावायची परवानगी नाही," वहिनी म्हणाली. "आम्हाला नाही असं कुठं लिहिलंय? पाटी दाखवा."

मी उतरले. "काका, मी लिहून देणार नाही."

ते थकल्यासारखे म्हणाले, "ठीक आहे. मग थंडी संपेपर्यंत बंद. पण काल काय झालं ते मलाही कळलंय. पुन्हा एखादं पोर घसरलं तर?"

"शाळा सुटली की आम्ही उतारावर बसू," वहिनी म्हणाली. "आज ही, उद्या मी. आडवी शिडी टाकून मधोमध. बोटवाले आले की उठू. पोरं आली की बसू. हाकलून दाखवा."

"मी कशाला हाकलू?" ते जरासे हसले.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मुंगळा पायाला येऊन चिकटला होता, त्याच्या केसांना अजून तलावाचा वास येत होता. आणि तेव्हा मला ते सुचलं. आधी का सुचलं नाही? बेचाळीस उद्यानं. सगळ्यांत तेच झोके, तीच पट्टी, माझ्याच सांगण्यावरून.

"काका, बाकीच्या उद्यानांत झोक्यांच्या जवळ काय आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलं जाणार कुठं?"

ते बोलायला लागले आणि मध्येच थांबले. "पुढच्याच उद्यानात जुनी खाण आहे, दगडाची. पाणी भरलेली. त्याच्या पलीकडच्या उद्यानात नदी. कड्यावरच्या उद्यानात तर..." त्यांनी टोपी काढली. "एका ठिकाणी मोठा रस्ताच आहे हो, कुंपणाला लागून."

वहिनीनं मुंगळ्याला उचलून कडेवर घेतलं.

"सांगा त्यांना," मी म्हटलं. "आत्ता सांगा. झोके बंद केलेत तर मुलं कुठं गेली ते जाऊन बघा म्हणावं."

"सगळ्यांना एकदम बोलायचं तर वरून परवानगी..." ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनीच्या कोपरावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

खरखर झाली. ते बोलले. माझेच शब्द, जरा सरकारी करून. बटण सोडलं आणि आम्ही चौघं त्या काळ्या डबीकडे बघत उभे राहिलो.

बराच वेळ नुसती खरखर. मग कुठल्यातरी उद्यानातून एका बाईचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

"आमच्याकडची? आमच्याकडची मुलं तर..."

आवाज तुटला.

"थांबा," ती म्हणाली. "बघते."

आणि तिच्या पळण्याचा आवाज आला.